जगानं लावलेली द्राक्षं

आधीच सांगते, माझ्या अक्षराला हसू नका. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतच नीट जमत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळा सुटली. कुठली वेलांटी द्यायची हे मी अंदाजानं ठरवते. ओळी उजवीकडं खाली उतरत जातात, कारण मी पाटावर वही ठेवून लिहिते आणि तो पाट एका बाजूला कलतो. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी चुकीबद्दल आधी माफी मागितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, स्वभावच तसा आहे. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. म्हणून लिहिते.

लिहायचं आहे ते माझ्या धाकट्या भावाबद्दल आणि दोन एकर द्राक्षांबद्दल. ती द्राक्षं खोटी निघाली. ती खोटी आहेत हे लावतानाच त्याला ठाऊक होतं का, एवढं एक मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. माझा नवरा दारूनं गेला, त्यानंतर मी माहेरी परत आले होते. भूकंपाच्या आदल्या दिवशी गावातले गणपती बोळवले. घरी यायला उशीर झाला, आत लई उकडत होतं, म्हणून मी आणि भाऊ बाहेर गोठ्यापुढं वाकळ टाकून पडलो. आई-वडील आत होते. पहाटे जे झालं ते मी लिहिणार नाही. आम्ही दोघं राहिलो. तो तेव्हा नववीत होता. कितीतरी महिने तो माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा, एवढा मोठा मुलगा.

सरकारनं गाव दुसरीकडं बसवलं. एकसारखी घरं, सरळ रस्ते, ओळखीचं एक झाड नाही. त्याची दहावी झाल्यावर मी नव्या घराला कुलूप लावलं आणि त्याला घेऊन लातूरला आले. तेव्हा लातुरात क्लासेसचा जोर सुरू झाला होता. नांदेड, देगलूर, परभणी, कुठून कुठून पोरं-पोरी यायच्या. ज्यांच्या घरात दोन खोल्या होत्या त्यांनी एक भाड्यानं दिली, आणि जिला चपात्या लाटता येत होत्या तिनं मेस काढली. मीही काढली, फक्त मुलींची. मुलांसमोर ताट ठेवायला मला लाज वाटायची.

त्या मेसवर भावाचे क्लास झाले. डॉक्टरकीला त्याचे मार्क कमी पडले. शेतकीला नंबर लागला. पदवी घेऊन तो आला तेव्हा मी मेसमधल्या सगळ्या मुलींना श्रीखंड वाढलं. त्यानं वडिलांच्या चार एकरांतले नदीकडचे दोन एकर माझ्या नावावर केले. आमच्याकडं बहिणी हक्कसोडीच्या कागदावर अंगठा देतात आणि साडी-चोळी घेऊन घरी जातात. माझ्या भावानं उलट केलं. तलाठ्याच्या कचेरीत लोक त्याच्याकडं वळून बघत होते. मी खाली मान घालून सही केली, पण आतून मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर वर्षभरानं एका दुपारी तो मेसवर जेवायला आला आणि म्हणाला, "अक्का, तुझ्या दोन एकरांत द्राक्ष लावू."

मी म्हणाले, "आपल्याकडं कोण लावतंय द्राक्ष? आणि लावली तर लातूरच्या बाजारात कोण घेतंय एवढी?"

"बाजारात न्यायचीच न्हाईत. खायची द्राक्षं न्हाईत ती. नाशकाकडची कंपनी बांधावरून उचलून नेती. वाईनची हायेत."

"म्हंजे दारूची?"

माझ्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. मग त्यानं ताट बाजूला सारलं आणि हात धुऊन पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत कागद काढला. त्यावर जगाचा नकाशा होता, आणि कडेनं द्राक्षाचे घड आणि पानं. म्हणाला, "हे बघ. जगात सगळ्यात जास्त लावतात ती ही द्राक्षं. खायची न्हाईत, वाईनचीच. ह्या देशात, ह्या देशात, ह्या सगळ्या देशांत. अक्का, आख्खं जग पाप करून राहिलंय का?"

त्या वाक्यानं मी अडकले. मला जग काय माहीत? लातूर, औसा, निलंगा, आणि एकदा नांदेडला गुरुद्वारा बघितला होता. एवढ्या देशांतल्या एवढ्या बायका वेली लावतात, पाणी देतात, छाटतात, तर मी कोण नाही म्हणणारी?

कागदावरची नावं इंग्रजीत होती. माझ्या मेसमध्ये देगलूरची एक मुलगी होती, डॉक्टरकीची परीक्षा देणारी, बोलायला फटकळ, घरी तेलुगू बोलायची. ती मला मावशी म्हणायची. तिला मी विचारलं, एवढं मराठीत लिहून देशील का. ती म्हणाली, "मावशी, मला सकाळपासून बेडकाच्या पोटातलं पाठ करायचंय, आता तुमचे अंगूर बी मीच पाठ करू?" पण तिनं लिहून दिलं. नुसतं लिहिलं नाही, कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन आणखी माहिती काढून आणली, आणि रोज जेवताना मला विचारू लागली. चुकले की म्हणायची, "आज भाजीत मीठ कमी हाय आणि तुमचा मर्लो बी चुकला."

मी ती नावं पाढ्यासारखी पाठ केली. आजही येतात. कॅबरने सोव्हिन्यो, मर्लो, टेम्प्रानियो, आयरेन, शारदोने, सिरा, ग्रनाश, सोव्हिन्यो ब्लां, पिनो. टेम्प्रानियो म्हणजे हळवं वाण, लवकर येणारं, त्याच्या नावाचाच अर्थ तसा आहे म्हणे. कॅबरने गरवं, सावकाश पिकणारं; मणी बारीक, साल जाड, आत बिया, खायला बसलं तर तोंड वेडंवाकडं होईल. मर्लोचं नाव तिकडच्या एका काळ्या पाखरावरून पडलं, कारण त्या पाखराला ही द्राक्षं फार आवडतात. पिनोचा घड सूचीपर्णी झाडाच्या फळासारखा गच्च, आणि साल इतकी पातळ की जरा काही झालं की रुसतो.

मला स्वतःला आयरेन आवडलं होतं. पांढरं द्राक्ष. ज्या देशात ते होतं तिथलं रान कोरडं, ऊन कडक, पाणी नाही, म्हणून तिथले शेतकरी वेली एकमेकींपासून लांब लांब लावतात आणि जमिनीलगत बुटक्या ठेवतात. तार नाही, मांडव नाही. एकेका वेलीला एवढी जमीन लागते म्हणून नुसतं रान मोजलं तर एके काळी तेच जगात पहिलं होतं. नाव मात्र कुणाला माहीत नाही. मी भावाला म्हणाले, "हेच लावू की. आपलं रान असंच हाय."

तो हसला. "अक्का, त्याला कोण विचारतंय? कंपनीला कॅबरने पायजे. आता जगात एक नंबर तेच."

मग कॅबरनेच ठरलं, कंपनीशी करारही त्याचाच झाला. कागदावर त्याचं पान मोठं काढलं होतं. पाच भाग, खोल खाचा, आणि खाचांच्या टोकाला भोकं पाडल्यासारखी मोकळी जागा. मी तो कागद ज्वारीच्या कणगीवर भिंतीला लावला. पोळ्या करताना समोर दिसायचा.

सात-आठ वर्षं मेस चालवून मी जे साठवलं होतं ते सगळं बागेत गेलं. एक लाख चाळीस हजार रुपये मी त्याच्या हातात दिले, रोपं, तार, लोखंडी अँगल आणि ठिबक यांसाठी. रोपांचा भाग त्यात सगळ्यात मोठा. "कलमं महाग हायेत अक्का, परदेशातून आलेल्या काड्या हायेत," असं तो म्हणाला होता. मी पावती मागितली नाही. भावाकडं पावती मागायची हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रोपं ट्रकनं आली. मी रविवारी मेसला सुट्टी दिली आणि जीपनं गावाकडं गेले. नव्या गावातली आमची शेजारीण बघायला आली होती. भूकंपात तिची दोन लेकरं गेली, तेव्हापासून ती मोठ्यानं बोलते आणि मोठ्यानं हसते. म्हणाली, "काय गं, तू तर बोलत न्हाईस, ह्या वेलींचं तरी काय नाव सांगशील का?"

आणि मी सांगितलं. हापशावर चार बायका होत्या, त्यांच्यासमोर मी ती सगळी नावं ओळीनं म्हणून दाखवली, आणि म्हणाले, जगात सगळ्यात जास्त हीच लावतात. बायका थांबून ऐकत होत्या. आयुष्यात माणसांसमोर मी एवढं पहिल्यांदाच बोलले. शेजारीण म्हणाली, "अगं बया, ही तर जगाची बाई निघाली!" पुढच्याच महिन्यात तिनं नवऱ्याला सांगून अर्ध्या एकरात तीच रोपं लावली. माझ्या भावाकडूनच घेतली.

वेली जोमानं वाढल्या. लई जोमानं. उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तारेवर पानं पसरली होती. मी एक पान हातात घेतलं. ते गोलसर होतं. खाचा नव्हत्या म्हटलं तरी चालेल. उलटं केलं तर खालून पांढरी लव, बोट फिरवलं की घोंगडीसारखी लागणारी. मी दुसरं बघितलं, दुसऱ्या ओळीतलं बघितलं, शेवटच्या ओळीतलं बघितलं. सगळी तशीच.

मी एक पान पिशवीत घालून लातूरला आणलं आणि भिंतीवरच्या कागदाला लावून बघितलं. देगलूरची मुलगी बाजूला उभी होती. ती काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काय हे मला कळलं.

भाऊ आला तेव्हा मी हळूच विचारलं. "भैय्या, पान येगळं दिसतंय."

त्यानं पान हातातसुद्धा घेतलं नाही. "अक्का, आपली काळी माती. मातीनं पान बदलतंय."

"आणि खालून लव?"

"उन्हाची. झाड आपलं आपण जपतंय. तू नको लई इचार करू, मी शिकलोय ना ते."

हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मग काळ्या मातीत चिंच लावली की जांभळं यावी! तुमच्या भावाला कुणी पास केलं?" मला तिचा राग आला. त्या दिवशी मी तिला दुसरी चपाती विचारली नाही. माझ्या भावाला माझ्यासमोर कुणी असं बोललं नव्हतं. शिकलेला तो, मी चौथी. मातीनं पान बदलतं यावर मी विश्वास ठेवला. खरं लिहायचं तर ठेवला नाही, ठेवायचा म्हणून धरून बसले. दोन हंगाम धरून बसले. खरं विचारायचं तेव्हा मी गप्प राहिले, आणि गप्प राहायचं तेव्हा हापशावर बोलले.

ऑक्टोबरात छाटणी झाली, घड लागले, माघाच्या सुमाराला मणी जांभळे झाले. कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला. नाशकाकडचा तरुण मुलगा, स्वच्छ शर्ट. गाडी बंदसुद्धा केली नव्हती त्यानं. बांधावरूनच बघितलं, मग गाडी बंद करून आत आला. एक पान उलटं केलं, अंगठ्यानं लव चोळली, एक मणी चिमटीत दाबला. मणी सालीतून पचकन बाहेर आला.

"ताई, ही कुणी दिली तुम्हाला?"

मी भावाकडं बघितलं. भाऊ म्हणाला, "का? कॅबरने हाय की."

"साहेब, मी रोज तेच बघतो. हे कॅबरने नाही. ही बंगळूरकडची निळी आहे. रसाला जाते, जेलीला जाते. आम्ही नाही घेत."

"करार हाय तुमचा," भाऊ म्हणाला.

"करार कॅबरनेचा आहे," असं म्हणून तो मुलगा माझ्याकडं बघून वरमला. "ताई, माफ करा. वेलींना तुम्ही जपलंय, ते दिसतंय."

तो गेल्यावर भाऊ बांधावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. नर्सरीवाल्याला शिव्या दिल्या. "अक्का, मला फसीवलं गं. मला फसीवलं." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "जाऊ दे भैय्या. तुझं काय चुकलं त्यात." त्याला पाणी प्यायला दिलं. हे मला आठवलं की अजून माझं अंग तापतं.

घड वाया कशाला घालवायचे म्हणून मी पहिले चार क्रेट जीपनं लातूरला आणले. गंजगोलाईजवळ फळांचे व्यापारी बसतात, तिथं एक म्हातारे बागवान चाचा होते. माझ्या मेसची केळी, लिंबं मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडून घ्यायचे. भाव करायला मला जमत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते स्वतःच कमी सांगायचे. मी क्रेट उघडला तर वास आला. शाळेच्या दारात मिळते त्या जांभळ्या गोळीसारखा गोड, जाड वास. चाचांनी मणी तोंडातसुद्धा टाकला नाही.

"बाई, ये बंगलोर का काला है. खुशबू से ही समज में आता."

मी म्हणाले, "व्हय चाचा. भावाला फसीवलं नर्सरीवाल्यानं. कॅबरने म्हणून दिलं."

चाचा वजनकाट्यावरचा धुरळा फडक्यानं पुसायला लागले. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"चाचा, काय झालं?"

"कुच नै. तुम ले जाव. मैं भाव अच्छा लगाता."

"सांगा ना. मला कळू द्या."

"बाई, बुरा नको मानो. तुम्हारा भाई आया था मेरे पास. अंगूर लगाने के पहले, दो बरस हो गये. पूछा, चाचा, बंगलोर का काला लातूर में क्या भाव जाता? मैं बोला, कौन लगाया? बोला, कोई नै, ऐसेच पूछा."

चाचांनी क्रेट तोलले, पैसे मोजून माझ्या हातात दिले, आणि मला दिसेल असे दोन घड बाजूला काढून पुडीत बांधले. "बच्चियों को देव. मीठा है. इसका क्या कसूर."

त्या दिवशी मेसमध्ये मुलींनी ती द्राक्षं खाल्ली. गोड होती, हे खरं. देगलूरच्या मुलीनं बिया थुंकत थुंकत विचारलं, "मावशी, कितीला गेली?" मी आकडा सांगितला. तिनं हिशोब केला नाही. उठून आपलं ताट आपण धुतलं, जे ती कधी करत नसे.

भावानं तोवर लोह्याला बी-बियाणं आणि खताचं दुकान घातलं होतं. आमची बाग लावली त्याच वर्षी. तेव्हा मी विचार केला होता, शिकलेला पोरगा, कुणीतरी भांडवल दिलं असेल. आता मला दिसलं की त्यानं रोपांचा भाव किती लावला होता आणि ती रोपं खरंच किती स्वस्त मिळतात. बंगळूरकडं ती पोत्यानं मिळतात. ट्रक माझ्या पैशानं आला, दुकानही माझ्या पैशानं उभं राहिलं.

मी एसटीनं लोह्याला गेले. अहमदपूरच्या पुढं गाडीतून उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं. दुकानात एक शेतकरी तुरीच्या बियाण्याची पिशवी हातात घेऊन उभा होता. विचारत होता, "साहेब, ह्ये उगवल ना पण?"

माझा भाऊ म्हणाला, "मामा, माझ्यावर इस्वास न्हाई का?"

मी दारातच थांबले. शेतकरी पैसे देऊन गेला. भावानं मला बघितलं आणि खुर्ची पुढं केली. "अक्का! सांगून यायचं ना. चहा सांगतो."

मी पिशवीतून पान काढलं आणि काउंटरवर ठेवलं, लवेची बाजू वर करून. चाचांनी सांगितलं ते सांगितलं. मधे एकदाही माझा आवाज अडला नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं.

तो पानाकडं बघत म्हणाला, "चाचाचं वय झालं. कुणाला काय बोलतंय त्याला कळतंय का."

"तुला ठावं होतं का?"

"अक्का, दुकानात नको."

"मग कुठं? तुला ठावं होतं का न्हाई, एवढंच सांग."

"मी तुझे पैसे देतो. म्हणलं ना देतो. पै न् पै देतो."

"मी पैसे इचारले का?"

तेवढ्यात चहावाला आला. त्यानं दोन कप ठेवले. भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "साखर कमी टाकायला सांगितलीय तुझ्यासाठी." मी चहा घेतला नाही. उठताना म्हणाले, "शेजारणीचं आधी दे. तिनं माझ्या तोंडाकडं बघून लावलं. ते पुरं झालं की माझं."

त्यानं मान हलवली. खताच्या पोत्यांवर जाऊन तो पोती मोजायला लागला.

गावाकडं जाऊन मी शेजारणीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती नेहमीच मोठ्यानं बोलते. त्या दिवशी मात्र ती हळू बोलली. "तू खोटी न्हाईस गं. पण त्या दिवशी तू बोलली नसतीस तर बरं झालं असतं." एवढंच. त्यानंतर ती मला जगाची बाई म्हणाली नाही. तिचे पैसे भावानं दोन वर्षांत फेडले, मी पाठीस लागून फेडायला लावले. वेली तिनं उपटल्या. माझ्याही मी उपटल्या. खोडं जाड झाली होती, मजूर लावावे लागले. अँगल भंगारात गेले. आता तिथं सोयाबीन असतं.

मग माझी पाळी आली. पहिल्या भाऊबीजेला तो लातूरला आला. मी पाट मांडला, त्याला ओवाळलं. त्यानं ताटात एक जाड पाकीट ठेवलं आणि हसून म्हणाला, "घे, ह्या वर्षीची ओवाळणी लई मोठी हाय."

मी पाकीट ताटातून उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "ह्यात घालू नको. ओवाळणी एकशे एक दे. हे येगळं दे. आणि ओवाळायच्या आधी दे, नंतर न्हाई."

"काय फरक पडतो, अक्का? पैसे तेच."

"तुला न्हाई पडत."

त्याचा चेहरा उतरला. लोकांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, किती उदार भाऊ, बहिणीच्या ताटात पाकीट ठेवतोय. त्याला तेच पाहिजे होतं. माझी फेड त्याला भेटीच्या कागदात गुंडाळून द्यायची होती, म्हणजे ती फेड आहे हे त्यालाही आठवणार नाही. मी ते होऊ दिलं नाही. त्या वर्षापासून भाऊबीजेला तो आला की आधी दाराशी, पायातल्या चपला न काढता, मला पैसे मोजून द्यायचा. मग मी पाट मांडायची. आमच्या ओळखीत कुठल्याच घरात अशी भाऊबीज होत नसेल.

दर वर्षी, पैसे घेतल्यावर आणि पाट मांडायच्या आधी, मी त्याला तेच विचारायची. "तुला ठावं होतं का?" पहिल्या वर्षी तो म्हणाला, नर्सरीवाल्यानं फसवलं. दुसऱ्या वर्षी म्हणाला, धंद्यात असं होतं. तिसऱ्या वर्षी म्हणाला, "तू मला वाढवलं, शिकवलं, आणि असा संशय घेतीस?" मधे त्याचं लग्न झालं; चौथ्या वर्षी त्याला मुलगी झाली होती, तिला घेऊन आला होता, त्याची बायको दारात उभी होती, मी विचारलं नाही. पाचव्या वर्षी विचारलं, तो म्हणाला, "अक्का, हळू."

देगलूरची मुलगी तोवर डॉक्टर झाली होती. एकदा लातूरला आली तेव्हा भेटली. म्हणाली, "मावशी, मी आता वाईनची बाटली बघितली हैदराबादला, लेबलवर कॅबरने लिहिलं होतं. तुमची लई आठवण आली. घेतली न्हाई, बरं का!" आम्ही दोघी हसलो. तिला मी म्हणाले, भाऊ पैसे फेडून राहिलाय. ती म्हणाली, "आणि बाकीचं?" मी विषय बदलला.

सहाव्या भाऊबीजेला शेवटचा हप्ता होता. तो दाराशी उभा राहिला, खिशातून पैसे काढले, थुंकी न लावता नीट मोजले, माझ्या हातात दिले. केस थोडे पांढरे झाले होते त्याचे, कानाजवळ. मी पुन्हा मोजले. मी नेहमी मोजते आणि तो नेहमी वाट बघतो.

मी म्हणाले, "आता तुझ्यावर माझं काही न्हाई. आता सांगायला काय हरकत हाय? तुला ठावं होतं का?"

तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. मला वाटलं, आता सांगेल. खरंच वाटलं.

"पुरे झाले का, बघ," तो म्हणाला.

"झाले."

"एक लाख चाळीस. सगळे."

"हो. सगळे."

त्यानं चपला काढल्या आणि पाटावर येऊन बसला, तोंड पूर्वेकडं करून, लहानपणी बसायचा तसा ताठ. मी पैसे फडताळात ठेवले आणि निरांजन लावलं.